प्राप्तिकर : चुकवणे आणि वाचवणे

(बी. ए. भाग २)

आपल्या भागात शेतकऱ्याच्या घरी कराचा विषय निघाला, तर तो बहुधा घरफाळा, पाणीपट्टी आणि शेतसारा यांच्यापुरताच निघतो. प्राप्तिकर म्हणजे शहरातल्या बंगलेवाल्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि फार तर हायस्कूलच्या मास्तरांचा विषय, अशी आपली समजूत असते. माझीही तशीच होती. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘प्रत्यक्ष कर’ या मथळ्याखाली त्याची व्याख्या मी पाठ केली होती. पण तो आमच्या घरात कधीच येऊन बसला आहे, हे मला ठाऊक नव्हते.

आमचे थोरले चुलते, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, एका साखर कारखान्यात कामगार होते. २०२१ साली ते साठाव्या वर्षी निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जी रक्कम आली, तीतील नऊ लाख रुपये त्यांनी मार्च २०२२ मध्ये एका बँकेत साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले. वर्षाचे व्याज ५८,५०० रुपये. या व्याजावर आणि थोड्या पेन्शनवर त्यांचे व काकूंचे चालते. २०२४ च्या दिवाळीत पासबुक भरून आणल्यावर आबा मला म्हणाले, “बाळ, व्याज कमी का पडतंय बघ की जरा. तू कॉलेजला जातीस.” मी हिशेब केला. दोन वर्षे दरसाल ५,८५० रुपये कमी जमा झाले होते. बँकेत विचारले, तेव्हा काउंटरवरून एवढेच उत्तर मिळाले, की टीडीएस कापला आहे, फॉर्म दिला नव्हता. कसला फॉर्म, तो कोणी द्यायचा, आणि कापलेले पैसे गेले कुठे, हे सांगायला कोणाला सवड नव्हती.

ज्या माणसाला कायद्याने एक पैसाही कर लागू नव्हता, त्याच्याकडून दोन वर्षांत ११,७०० रुपये कर गेला होता. तो कोणी लुबाडला नव्हता. केवळ आम्हाला माहीत नव्हते म्हणून गेला होता. त्या दिवसापासून मी या विषयाचा जो अभ्यास केला, तो या लेखात मांडत आहे. माझ्यासारख्या ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी प्रथमच चढली गेली आहे, त्यांना तो उपयोगी पडावा, आणि काही चुकले असल्यास गुरुजनांनी ते दाखवून द्यावे, ही विनंती.

तीन शब्दांतला फरक

कर चुकवणे, कर टाळणे आणि कर वाचवणे हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. कायदा तसे मानत नाही. उत्पन्न लपवणे, खोटी घरभाड्याची पावती जोडणे, दुकानाचा नफा शेतीचे उत्पन्न म्हणून दाखवणे ही करचुकवेगिरी होय. तो गुन्हा आहे. उत्पन्न खोटे दाखवून बुडवलेल्या करावर २०० टक्क्यांपर्यंत दंड आणि प्रसंगी कैद, अशी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात तरतूद होती. याउलट, कायद्यानेच देऊ केलेल्या वजावटी व सवलती खऱ्या आकड्यांनिशी घेणे हे करनियोजन. यात लाजण्यासारखे काहीच नाही. या दोहोंच्या मधली जागा कर टाळण्याची. कागदोपत्री सर्व कायदेशीर, पण व्यवहाराला कर वाचवण्यापलीकडे काहीच अर्थ नाही, असा हा प्रकार.

या मधल्या जागेवर न्यायालयांत बराच वाद झाला आहे. १९८५ साली मॅक्डॉवेल कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की कायद्याच्या चौकटीतले करनियोजन योग्य आहे, पण दिखाऊ व्यवहारांच्या युक्त्या त्यात बसत नाहीत. पुढे १ एप्रिल २०१७ पासून केवळ कर टाळण्यासाठी रचलेले मोठे व्यवहार रद्दबातल समजण्याचा अधिकार खात्याला मिळाला. सामान्य माणसाला यातून एवढाच बोध पुरे : व्यवहार खरा असावा, आणि कागद त्या व्यवहाराचा असावा.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, याला इतिहास आहे. भारतात प्राप्तिकर १८६० साली जेम्स विल्सन याने आणला. १८५७ च्या उठावानंतर सरकारच्या तिजोरीला पडलेले भगदाड बुजवणे हा त्याचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर कराचे दर चढत गेले आणि १९७३-७४ मध्ये अधिभारासह वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर पोहोचला. म्हणजे वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये मिळवणाऱ्याचे! एवढा दर असला की माणूस उत्पन्न दाखवण्यापेक्षा लपवण्यात हुशारी खर्च करतो. काळ्या पैशाचा अभ्यास करणाऱ्या वांछू समितीने हेच कारण दाखवून दर उतरवण्याची शिफारस १९७१ मध्येच केली होती. पुढे दर टप्प्याटप्प्याने उतरले आणि १९९७ च्या अर्थसंकल्पात वरचा दर ३० टक्के झाला. ‘हुशार माणूस कर भरत नाही’ ही आपल्याकडची म्हण त्या जुन्या काळाचा अवशेष आहे असे मला वाटते.

शेतीचे उत्पन्न : किती खरे, किती समज

‘शेतकऱ्याला इन्कमटॅक्स नाही’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. ते बरोबर आहे, पण अर्धेच. राज्यघटनेने शेती उत्पन्नावरील कराचा विषय राज्यांकडे आणि इतर उत्पन्नावरील कराचा विषय केंद्राकडे दिला आहे. म्हणून केंद्राच्या प्राप्तिकरातून शेतीचे उत्पन्न वगळले जाते. भात, ऊस, नाचणी यांच्या विक्रीचे पैसे किंवा शेतजमिनीचा खंड यांवर हा कर नाही. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्नही शेतीचेच धरले जाते.

पण शेतकऱ्याच्या घरात येणारा प्रत्येक रुपया शेतीचा नसतो. आपल्या तालुक्यात घरटी म्हैस आहे आणि दर दहा दिवसांच्या दूधबिलावर कित्येक घरे चालतात. हे दूध कायद्याच्या दृष्टीने शेतीचे उत्पन्न नव्हे. कोंबडीपालनही नव्हे. जमिनीवर नांगरणी, पेरणी, लागवड अशी मूळ कामे झाली पाहिजेत, तरच ती शेती, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ठरवून दिले आहे. दोन-चार म्हशींच्या घराला यामुळे कर लागेल असे नाही, कारण खर्च वजा जाता उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आतच राहते. परंतु मोठा गोठा असणाऱ्याने ‘आम्ही शेतकरी आहोत’ एवढ्यावर स्वस्थ बसू नये.

दुसरी गोष्ट नोकरी आणि शेती दोन्ही असणाऱ्यांची. डॉ. के. एन. राज यांच्या समितीच्या अहवालानंतर १९७३ पासून अशी पद्धत आली, की शेतीच्या उत्पन्नावर कर घ्यायचा नाही, पण इतर उत्पन्नाचा दर ठरवताना ते जमेस धरायचे. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असले, की हा नियम लागतो. समजा, एखाद्या गृहस्थांचे वजावटीनंतरचे पगाराचे उत्पन्न १४ लाख आणि शेतीचे २ लाख आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या पद्धतीच्या दरांनी नुसत्या १४ लाखांवर ९०,००० रुपये कर येतो. आता दोन्ही मिळून १६ लाखांवरचा कर काढायचा : १,२०,०००. त्यातून ४ लाखांची करमुक्त मर्यादा अधिक शेतीचे २ लाख, अशा ६ लाखांवरचा कर वजा करायचा : १०,०००. राहिले १,१०,००० रुपये, शिवाय उपकर. म्हणजे ‘करमुक्त’ शेतीमुळे २०,००० रुपये जास्त लागले. हे न दाखवणे ही करचुकवेगिरीच. मात्र बी-बियाणे, खते, मजुरी, पाणीपट्टी यांच्या पावत्या ठेवून निव्वळ उत्पन्नच दाखवणे हे नियोजन. पावत्या नाहीत म्हणून ढोबळ उसाचे बिलच उत्पन्न म्हणून लिहिणारे मी पाहिले आहेत. ते स्वतःचे नुकसान करून घेतात.

तिसरी गोष्ट जमिनीची. धरण, कालवा, रस्ता यांसाठी जमिनी जाणे आपल्या भागाला नवे नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यान्वये दिलेल्या निवाड्याच्या भरपाईवर प्राप्तिकर नाही. मात्र भरपाई उशिरा मिळाल्याबद्दलचे व्याज हे ज्या वर्षी हाती येते त्या वर्षीचे उत्पन्न धरले जाते आणि त्यातील निम्मी रक्कम वजा मिळते. भरपाईचा आणि व्याजाचा आकडा वेगवेगळा मागून घेतला नाही, तर पुढे विनाकारण घोटाळा होतो.

उसाच्या बाबतीत तर हा वाद व्यक्तीपुरता न राहता साऱ्या सहकारी कारखानदारीचा झाला होता. सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा कारखान्याने सभासदाला जास्त ऊसदर दिला, तर तो कच्च्या मालाचा खर्च की नफ्याची वाटणी? खर्च म्हटला तर कर नाही, वाटणी म्हटली तर आहे. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये असे ठरवले, की जास्तीच्या दरातला नफ्याचा भाग किती, हे प्रत्येक वर्षाचा हिशेब पाहून अधिकाऱ्याने ठरवावे. सरकारने मंजूर केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च धरण्याची तरतूद २०१५ साली आली होती; २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्याआधीच्या वर्षांसाठीही सहकारी कारखान्यांना तशी मुभा दिली. त्यातून सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. करनियोजन हा केवळ बंगलेवाल्यांचा विषय नाही, याचा याहून जवळचा दाखला कोणता?

पगारदारांपुढचे दोन रस्ते

पगारदारांना जुनी पद्धत आणि नवी पद्धत असे दोन रस्ते आहेत. नवी पद्धत २०२० च्या अर्थसंकल्पात आली आणि २०२३-२४ पासून न मागता तीच लागू होते. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत पहिले ४ लाख करमुक्त, आणि पुढच्या प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के असे दर आहेत. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट असल्याने पावणेतेरा लाख पगारापर्यंत कर नाही. मात्र शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नाला ही सूट लागत नाही.

जुन्या पद्धतीत दर चढे, पण वजावटी पुष्कळ. भविष्यनिर्वाह निधी, विमा हप्ता, पोस्टाची बचतपत्रे, सुकन्या समृद्धी, दोन मुलांची शिक्षण फी, घरकर्जाचे मुद्दल या सर्वांची मिळून दीड लाखांपर्यंत. राष्ट्रीय पेन्शन योजनेत स्वतः भरलेले आणखी ५०,०००. आरोग्यविम्याचे २५,००० आणि वृद्ध आईवडिलांच्या विम्याचे ५०,००० पर्यंत. राहत्या घराच्या कर्जाचे व्याज दोन लाखांपर्यंत. शैक्षणिक कर्जाचे सगळे व्याज आठ वर्षे. यांशिवाय घरभाडे भत्त्याची सूट.

मग कोणता रस्ता स्वस्त? अंदाज न बांधता हिशेबच करावा. सोळा लाख पगाराचे उदाहरण घेऊ. नव्या पद्धतीत ७५,००० वजा जाता १५,२५,००० वर १,०८,७५० कर; ४ टक्के उपकरासह १,१३,१०० रुपये. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, दीड लाखांची बचत, पेन्शनचे ५०,०००, आरोग्यविमा २५,००० आणि घरकर्जाचे व्याज दोन लाख, असे ४,७७,५०० वजा करूनही ११,२२,५०० उरतात आणि उपकरासह कर होतो १,५५,२२० रुपये. एवढ्या वजावटी घेऊनही नवी पद्धत ४२,१२० रुपयांनी स्वस्त! जुनी पद्धत परवडण्यासाठी यांच्याही पेक्षा सुमारे १ लाख ४१ हजारांची वजावट आणखी हवी. ज्यांचे गावी कर्जाचे घर आहे आणि नोकरीसाठी जे कोल्हापूर-पुण्याला खरोखर भाड्याने राहतात, त्यांना ती भाडेभत्त्यातून मिळू शकते, इतरांना क्वचितच.

याचा अर्थ असा, की मार्च महिन्यात ‘कर वाचतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा विमा नव्या पद्धतीत एक रुपयाही वाचवत नाही. विमा हा विम्यासाठी घ्यावा, करासाठी नव्हे. नव्या पद्धतीत शिल्लक राहिलेली एक महत्त्वाची वजावट म्हणजे मालकाने किंवा शासनाने पेन्शन योजनेत भरलेली रक्कम. मूळ पगार व महागाईभत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत ती नव्या पद्धतीत वजा मिळते; जुन्या पद्धतीत १४ टक्क्यांची ही मर्यादा फक्त शासकीय नोकरांना, इतरांना १० टक्केच.

पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो व्यवसाय कर राज्याचा. १९७५ सालचा हा कायदा रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून झाला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून दुष्काळातल्या मजुराच्या हाताला काम देणारा हा कर महाराष्ट्राने देशाला घालून दिलेला धडाच म्हणावा लागेल.

घरातल्या घरात

‘बायकोच्या नावावर ठेव केली की कर वाचतो’ असे पारावर सांगितले जाते. ते चूक आहे. पतीने पत्नीला दिलेल्या पैशांवरचे व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. अज्ञान मुलांच्या नावच्या ठेवीचेही तसेच. पण सज्ञान मुलगा-मुलगी किंवा आईवडील यांना दिलेल्या बक्षिसाला हा नियम नाही. ज्यांना स्वतःचे उत्पन्न नाही अशा आईवडिलांना मुलाने खरोखर पैसे दिले आणि त्यांनी ते ठेवीत ठेवले, तर व्याज त्यांचे, आणि ते करमुक्त मर्यादेत बसते. ‘खरोखर’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. नाव आईचे आणि पासबुक मुलाच्या कपाटात, याला बक्षीस म्हणत नाहीत.

कापलेला कर परत कसा मिळवावा

आता आबांच्या ठेवीकडे येते. टीडीएस म्हणजे उत्पन्न देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर. तो अंतिम कर नव्हे, उचल आहे. वर्षअखेर खरा कर कमी निघाला तर जास्तीचे परत मिळते, पण मागणाऱ्यालाच. त्या दोन वर्षांत ज्येष्ठ नागरिकांचे बँकेतील व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेले की १० टक्के कापले जात. पॅन दिला नसेल तर २० टक्के. ज्यांचा एकूण कर शून्य आहे अशा साठीच्या पुढच्या माणसाने वर्षाच्या सुरुवातीला १५ एच हा फॉर्म दिला, तर कपात होत नाही. साठीच्या आतल्यांसाठी १५ जी. त्यात मात्र व्याजाची एकूण रक्कम करमुक्त मर्यादेच्या आत असावी लागते. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी कपातीची मर्यादा एक लाख आणि इतरांसाठी ५०,००० झाली.

फॉर्म द्यायचा राहिला, तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. २०२३-२४ चे उशिराचे विवरणपत्र भरायला मूळ मुदत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत होती. मी आमच्या सरांच्या मदतीने डिसेंबरात ते भरले. आबांचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असल्याने उशिराचा दंडही लागला नाही, आणि ५,८५० रुपये त्यांच्या खात्यात आले. आदल्या वर्षाची मुदत मात्र निघून गेली होती. त्यासाठी विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. केंद्रीय मंडळाच्या ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत असा अर्ज चालतो. तो आम्ही केला आहे. उत्तर यायचे आहे.

या लेखातील नियम १९६१ च्या कायद्याखालचे आहेत. त्याच्या जागी २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा झाला असून १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख आहे. त्यात कलमांचे क्रमांक आणि मांडणी बदलली आहे. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ यांचा गोंधळ जाऊन एकच ‘करवर्ष’ आले आहे. दर तर अर्थसंकल्पागणिक बदलतात. तेव्हा येथील आकडे २०२५-२६ चे समजून, प्रत्यक्ष हिशेबाच्या वेळी त्या त्या वर्षाचे पाहावेत.

समारोप

परताव्याचा मेसेज आला त्या संध्याकाळी आबांनी मला विचारले, “पण मग सरकारचं नुकसान नाही का झालं?” मी हसले, पण प्रश्न खोटा नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणाच्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे. त्यांनी १९१७ साली सुरू केलेल्या सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाच्या वाटेनेच माझ्यासारखी मुलगी कॉलेजपर्यंत आली. माझ्या फीचा काही भाग त्यांच्याच नावच्या शिष्यवृत्तीतून जातो. हा पैसा कुणाच्या तरी करातून येतो. म्हणून ज्याला कर लागू आहे त्याने तो चुकवणे हे माझ्या फीमधून काढून घेण्यासारखे आहे.

पण ज्याला तो लागू नाही, त्याच्याकडून केवळ अज्ञानामुळे तो जावा, हेही न्यायाचे नाही. ज्याच्याकडे सल्लागार आहे त्याला प्रत्येक सवलत माहीत असते. ज्याच्याकडे नाही, तो पासबुकातली कपात नशीब म्हणून सोसतो. हे अंतर पदवीने नाही, तर पदवीच्या वाटेवर शिकलेल्या वाचनाने कमी होते. तेव्हा या सुटीत प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्यांचे पासबुक एकदा उघडून पाहावे आणि टीडीएस हे अक्षर दिसले, तर ते का पडले हे विचारावे. आमच्या गल्लीत मी आतापर्यंत चार पासबुके पाहिली. त्यांतल्या दोहोंत ते अक्षर होते.